दाणा आणि कडबा

भीमा आणि सीना या नद्यांच्या काठांनी मोहोळ, मंगळवेढा, बार्शी, करमाळा अशा तालुक्यांतून पसरत पुढे विजापूरच्या हद्दीत शिरणाऱ्या काळ्या जमिनीच्या मुलखात जे पीक शतकानुशतके रयतेच्या अन्नाचा, जनावरांच्या वैरणीचा आणि सरकारी साऱ्याचा एकाच वेळी आधार होऊन राहिले, त्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, संशोधनाचा इतिहास मी एका हिशेबाच्या दुरुस्तीचा इतिहास मानतो. शेतकऱ्याच्या मनातल्या जमाखर्चात या पिकाला आरंभापासून दोन रकाने होते, एक दाण्याचा आणि दुसरा कडब्याचा. सरकारी दप्तरात, आणि पुढे संशोधन केंद्रांच्या नोंदवह्यांतही, दीर्घकाळ भर राहिला तो पहिल्या रकान्यावर. दुसऱ्याला तेथे बरोबरीचा मान मिळेपर्यंत शंभर वर्षे लोटली, आणि या शंभर वर्षांत ज्या योजना फसल्या त्यांपैकी बऱ्याच या एका गाळलेल्या रकान्यापायी फसल्या.

या पिकाची जीवनरीती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सारे वाद तिच्यातूनच उद्भवले आहेत. या अवर्षणप्रवण पट्ट्यात वर्षाकाठी सरासरी ५०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला भरवशाचा भाग भाद्रपद-आश्विनात येतो. म्हणून शेतकरी खरिपात भारी रान मोकळे ठेवतो, कुळवाच्या पाळ्यांवर पाळ्या देऊन तण मारतो, माती भुसभुशीत राखतो आणि पडेल तो थेंब जमिनीच्या पोटात मुरवितो. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, उत्तरा आणि हस्ताच्या वाफशावर, पाभरीच्या चाड्यावर मूठ धरली जाते. त्यानंतर पाऊस आला तर ती कृपा समजावयाची. एरवी तीन-चार फूट खोल काळ्या मातीत साठलेल्या ओलीवरच रोप उगवते, पोटरीत येते, निसवते, हुरड्याला येते आणि फाल्गुनाच्या सुमारास काढणीला तयार होते. ओलीचा साठा ठरलेला, आणि तो दिवसेंदिवस खालावत जाणारा, अशा स्थितीत हे झाड आपले आयुष्य काढते. कणसे खळ्यावर गेली की उरलेल्या ताटांच्या पेंढ्या बांधून त्यांची बुचाडे उभी राहतात, मग गंजी रचल्या जातात, आणि पुढच्या पावसापर्यंत खिलारी बैलजोडीचा दम त्या गंजीवर अवलंबून असतो. बैल नसेल तर कुळव नाही, कुळव नसेल तर ओल नाही, ओल नसेल तर दाणा नाही. कडबा हे या शेतीत उपउत्पन्न कधीच नव्हते. पुढच्या सालच्या दाण्याचे ते भांडवल होते.

१८७६ ते १८७८ या वर्षांच्या दुष्काळाने हे सत्य अत्यंत क्रूरपणे उघड केले. दख्खनच्या जिल्ह्यांत माणसे मेली, देशोधडीला लागली, आणि वैरणीवाचून गुरेही मोठ्या संख्येने मेली. त्यामुळे पुढे पाऊस पडला तरी औत धरावयाला बैल नाही अशी कुटुंबे गावोगाव उरली. या संकटानंतर नेमलेल्या दुष्काळ आयोगाने १८८० च्या अहवालात प्रांतोप्रांती शेतीखाती असावीत अशी शिफारस केली. १८८९ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ डॉ. व्होएल्कर हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथला शेतकरी अडाणी आहे व त्याला शिकवावयाचे आहे, असा जो ग्रह राज्यकर्त्यांत रूढ होता त्याला या विद्वानाने स्पष्ट शब्दांत छेद दिला, हे त्याचे मोठेपण मान्य केले पाहिजे. तथापि महसुली यंत्रणेची दृष्टी त्याने पालटली नाही. जमाबंदी, सूट-तहकुबी आणि तगाई ज्या आणेवारीवर अवलंबून, ती ठरविताना अंमलदाराची नजर कणसावर खिळलेली असे. ताटाची उंची, पानांचा ओलावा आणि पेंढीचा बाजारभाव हे तिच्या कक्षेबाहेर राहिले. नव्या शेतीखात्याला हाच दृष्टिकोन वारशाने मिळाला.

पुण्यात १८७९ साली शास्त्रीय शिक्षणाच्या विद्यालयाला जोडून शेतीचे वर्ग निघाले होते. त्यांतून १९०७ च्या सुमारास स्वतंत्र शेतकी महाविद्यालय उभे राहिले आणि डॉ. हॅरॉल्ड मान हे त्याचे प्राचार्य झाले. मानसाहेबांची कीर्ती समाजशास्त्रज्ञ आजही मानतात ती त्यांच्या पिंपळे सौदागरच्या पाहणीमुळे, जी १९१७ मध्ये पुस्तकरूपाने आली; आज तेथे वसाहतींचे उंच मनोरे आहेत, आणि एके काळी याच गावाच्या पट्ट्यापट्ट्यांचा, कर्जाचा व वैरणपाण्याचा हिशेब कोणी मांडला होता हे तेथे राहणाऱ्यांना कदाचित ठाऊकही नसेल. १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुकची दुसरी पाहणी निघाली तेव्हा मानसाहेबांचे सहकारी होते ना. वि. कानिटकर. गावच्या कुटुंबाचा जमाखर्च ज्याने घरोघर बसून लिहून घेतला, तोच माणूस पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा धुरीण झाला, ही या इतिहासातली मला सर्वांत भाग्याची वाटणारी घटना आहे.

या संशोधनाचा आरंभ १९२३ साली पुण्याजवळ मांजरीच्या प्रक्षेत्रावर ताम्हणे यांनी केला आणि नंतर ते कानिटकरांच्या हाती आले. १९२६ ते १९२८ या काळात लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही शेती आयोगाने देशभर फिरून जे निष्कर्ष काढले त्यांतून १९२९ मध्ये मध्यवर्ती शेती संशोधन परिषद जन्मास आली, आणि तिच्या अनुदानाने १९३३ पासून पुढील दोन-तीन वर्षांत सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक अशी पाच कोरडवाहू केंद्रे उघडली गेली. सोलापूरच्या केंद्राने माती खणून वेगवेगळ्या खोलीवरची ओल मोजली, उतारावरून वाहून जाणाऱ्या पाण्याची व त्याबरोबर जाणाऱ्या मातीची नोंद ठेवली, आणि दहा-बारा वर्षांच्या परिश्रमांतून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ या नावाने पुढे ओळखली गेलेली शिफारशींची एक सांगड तयार केली: समपातळीवर बांध घालावेत, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत द्यावे, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या वाढवाव्यात, बी थोडे वापरून दोन ओळींतले अंतर सुमारे दीड फूट ठेवावे आणि उभ्या पिकात वारंवार कोळपणी करून जमिनीच्या भेगा बुजवाव्यात. कानिटकरांचा या विषयावरील ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो कित्येक वर्षे प्रमाणभूत राहिला.

या पद्धतीचे मूल्यमापन करताना दोन्ही बाजूंनी न्याय केला पाहिजे. बांधबंदिस्तीचा भाग अत्यंत मोलाचा ठरला. १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा कायद्याने त्याला कायद्याचे पाठबळ मिळाले आणि सोलापूर-विजापूरकडे लाखो एकर रानाला ताली पडल्या. परंतु दाण्याच्या उताऱ्यात या सर्व खटाटोपाने पडणारी भर साधारण १५ ते २० टक्क्यांच्या पुढे जात नव्हती, आणि मूळ उताराच तुटपुंजा असताना या टक्केवारीतून रयतेच्या पदरी पडणारे माप लहानच होते. विरळ पेरणीची शिफारस तर अनेक गावांनी सरळ नाकारली. अधिकाऱ्यांनी याला जुन्या चालीचा हट्ट म्हटले. मला त्यात हट्टापेक्षा व्यवहारज्ञान अधिक दिसते. विरळ पेरलेल्या ज्वारीचे ताट जाड व राठ होते, जनावर त्याचा शेंडा खाऊन बुडखा गव्हाणीत टाकून देते. दाट पेरलेल्याचे ताट बारीक राहते आणि पेंढीतले काही वाया जात नाही. ओलीच्या दृष्टीने विरळ पेरा शहाणपणाचा होता यात शंका नाही, परंतु शेतकरी एकाच मुठीतून दोन पिके पेरीत होता आणि शिफारस त्यांतल्या एकाच पिकासाठी लिहिलेली होती.

याच्या उलट, ज्या सुधारणेने कोणत्याच रकान्याला धक्का लागत नव्हता ती रयतेने आनंदाने स्वीकारली. कणसात दाण्याच्या जागी काळी भुकटी भरणारी काणी हा ज्वारीचा जुना शत्रू. शेतीखात्यातले कवकशास्त्रज्ञ ग. स. कुलकर्णी यांनी तिचा अभ्यास केला, आणि बियाण्याला आधी मोरचुदाच्या पाण्याची व पुढे गंधकाच्या भुकटीची प्रक्रिया करण्याचा उपाय गावोगाव पोहोचला. चार पैशांच्या गंधकाने कणीस वाचते आणि ताटाला काही होत नाही, एवढे दिसल्यावर कोणाला फारसे समजवावे लागले नाही.

आता या इतिहासातल्या मध्यवर्ती नायकाकडे वळू. दख्खनच्या ज्वारीत स्थानिक वाणांची मोठी समृद्धी होती: हुरड्यासाठी गूळभेंडी, टणक दाण्याची दगडी, विदर्भाकडची रिंगणी, याशिवाय निळवा, काळबोंडी, झिपरी अशी कितीतरी. या गर्दीत मालदांडी नावाचा वाण सोलापूरच्या काळ्या रानात पिढ्यान्‌पिढ्या पेरला जात होता. १९३० नंतरच्या दशकात मोहोळच्या केंद्रावर या मिश्र लोकसंख्येतून एकेका कणसाची स्वतंत्र ओळ पेरून, वर्षामागून वर्षे तुलना करून, त्यांतली एक ओळ निवडण्यात आली. तीच मालदांडी ३५-१. येथे परदेशातून काही आणले नव्हते, संकर केला नव्हता, कोणतेही नवे यंत्र वापरले नव्हते. शेतकऱ्यांनी शतकांच्या निवडीने जे घडविले होते त्यातले उत्तम ते संशोधकाने ओळखले, एवढेच. मोत्यासारखा पांढरा, चमकदार, टपोरा दाणा. मऊ आणि गोडसर भाकरी. उंच ताट आणि जनावराच्या आवडीचा कडबा. खोडमाशीला बऱ्यापैकी दाद न देणारी चकचकीत पाने. आणि शेवटच्या महिन्यात ओल आटली तरी पडता पडता सावरून दाणा भरण्याची जिद्द. नव्वद वर्षे होत आली तरी या वाणाचा पेरा बंद पडलेला नाही, आणि रब्बी ज्वारीचा प्रत्येक नवा वाण आजही चाचणीत याच्याच शेजारी उभा करून तपासला जातो. जगाच्या पीकसंशोधनात एवढे दीर्घायुष्य लाभलेला वाण विरळाच.

स्वातंत्र्यानंतर धान्याची चणचण देशाच्या मानगुटीवर बसली होती, आणि अशा वेळी टेक्सासहून आलेला एक शोध आशेचा किरण ठरला. १९५४ मध्ये स्टीफन्स आणि हॉलंड यांनी ज्वारीत नरवंध्यत्वाची अशी व्यवस्था दाखवून दिली होती की संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य व्हावे. तिच्या बळावर भारतात सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण १९६४ साली प्रसारित झाला. बुटके ताट, सुमारे शंभर दिवसांचे आयुष्य, खताला भरघोस प्रतिसाद आणि स्थानिक वाणाच्या दुपटीहून अधिक दाणा, ही त्याची कामगिरी खरी होती व तिचे श्रेय कोणी नाकारू नये. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी संकरित ज्वारीच्या प्रसाराला आपल्या राजवटीचे सारे वजन दिले. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशच्या खरिपात ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघर गेला. पुढे डॉ. एन. जी. पी. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक चांगले संकर दिले, ज्यांतला १९८३ चा सीएसएच-९ दीर्घकाळ टिकला.

मात्र जुने खरीप वाण उंच आणि उशिरा येणारे का होते, या प्रश्नाचे उत्तर संकरित ज्वारी शेतात आल्यानंतरच सर्वांना उमगले. ते वाण दिवसाच्या लांबीला बांधलेले होते. जूनमध्ये पेरा की जुलैत, दिवस लहान होऊ लागल्यावाचून ते निसवत नसत, आणि म्हणून त्यांचा दाणा पाऊस सरल्यावर, कोरड्या हवेत भरे. नव्या संकराने हे बंधन तोडले. त्याचे कणीस सप्टेंबरच्या ऐन पावसात पक्व होऊ लागले आणि दाण्यावर काळी बुरशी चढू लागली. अशी काळवंडलेली ज्वारी बाजारात पडेल भावाने जाई आणि तिच्या भाकरीला घरची माणसे नाक मुरडीत. कडब्याची कथा त्याहून दुःखद होती, कारण कमरेएवढ्या ताटाच्या पेंढीने बैलाचे पोट भरत नव्हते. ज्यांनी संकरित ज्वारी लावली त्यांपैकी अनेकांनी तुकडाभर रान देशी वाणासाठी राखून ठेवले, ते केवळ वैरणीसाठी. कापूस आणि नंतर सोयाबीन यांनी खरीप ज्वारीला हुसकावले तेव्हा तिच्या बाजूने उभे राहावयाला फारसे कोणी उरले नव्हते. देशात १९७० च्या सुमारास पावणेदोन कोटी हेक्टरांच्या घरात असलेले ज्वारीचे क्षेत्र आज ४० लाखांच्या आसपास आले आहे, त्यामागे स्वस्त गहू-तांदळाचे रेशन आणि बदललेल्या आवडी ही कारणे आहेतच, पण त्या हरवलेल्या रकान्याचा वाटाही मी कमी मानीत नाही.

रब्बीत तर संकरित ज्वारीला पायच रोवता आला नाही, आणि त्याचे कारण शास्त्रदृष्ट्या फार उद्बोधक आहे. ओल संपत आली असताना कणसात दाणा भरतो तो केवळ पानांच्या चालू कमाईवर भरत नाही. खोडात आधी साठविलेले अन्न वर ओढले जाते. कणीस जितके मोठे तितकी ही ओढ अधिक. खोड अशा रीतीने पोकळ पडू लागले की जमिनीतली एक बुरशी मुळांतून आत शिरते, आतला गर कुजवून काळे धागे मागे ठेवते, आणि उभे पीक एका रात्रीत लोळते, हाच खडखड्या. अधिक दाण्याच्या हव्यासाने घडविलेले संकर कोरड्या वर्षी या रोगाला नेमके बळी पडले, तर खोडात काही राखून मध्यम दाणा देणारी मालदांडी उभी राहिली. दाणा आणि कडबा हे दोन रकाने एकाच झाडाच्या एकाच साठ्यावर काढलेल्या हुंड्या आहेत, हे सोलापूरच्या शेतकऱ्याला अनुभवाने ठाऊक होते आणि संशोधनाला ते या अपयशातून उमगले.

१९७२ च्या दुष्काळाने शासनालाही त्याची जाणीव करून दिली. परदेशातून आलेला लाल मिलो रेशनवर वाटता आला, दुष्काळी कामांवर सुकडी देता आली, माणसे जगली. परंतु वैरण जहाजाने आणता येत नाही, आणि दावणीची जनावरे कवडीमोलाने विकली गेली. अखिल भारतीय समन्वित कोरडवाहू प्रकल्पाचे काम १९७० पासून सोलापुरात सुरू झालेच होते. राहुरीचे आणि परभणीचे कृषी विद्यापीठही याच सुमारास उभे राहिले. यानंतरच्या काळात चाचणीच्या तक्त्यांत कडब्याच्या उताऱ्याला हळूहळू वजन आले. १९९० च्या दशकात हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेच्या अर्थतज्ज्ञांनी वैरणीच्या बाजारांचा अभ्यास करून दाखविले की पिकाच्या एकूण किमतीत कडब्याचा हिस्सा वाढत चालला आहे, आणि पुढच्या अभ्यासांत असेही आढळले की कडब्याच्या पचनीयतेत थोडासा फरक असला तरी खरेदीदार भावात ठळक फरक करतात. प्रयोगशाळेत जे मोजावयाला उपकरणे लागली ते वैरणबाजारातला दूधवाला ताट मोडून, चावून, रंग पाहून ठरवीत होता.

राहुरी विद्यापीठाने या विचाराला सर्वांत समर्पक रूप दिले असे मला वाटते. सर्व रानांसाठी एकच विजेता शोधण्याचा नाद सोडून तेथल्या संशोधकांनी जमिनीच्या खोलीप्रमाणे वाण निवडले: हलक्या रानासाठी फुले माउली आणि फुले अनुराधा, मध्यम रानासाठी फुले सुचित्रा, भारी रानासाठी फुले वसुधा, आणि जेथे पाण्याची सोय आहे तेथे फुले रेवती, परभणीनेही परभणी मोतीसारखा वाण दिला. मातीत ओल किती मावते यावर झाडाची उंची आणि आयुष्य ठरावे, ही गोष्ट गावच्या अनुभवी शेतकऱ्याला नवी नव्हती, पण बियाण्याच्या पिशवीवर ती प्रथमच आली. केवळ हिरव्या वैरणीसाठीही फुले अमृता, फुले गोधन असे स्वतंत्र वाण निघाले, आणि त्यांच्या निवडीत एक जुनी भीती लक्षात घ्यावी लागली. कोवळी किंवा पाण्याच्या ताणाने खुरटलेली ज्वारी खाऊन जनावर तडफडून मरते, त्याला गावाकडे किराळ लागणे म्हणतात. यामागचे विषारी द्रव्य निर्माण करणारा घटक डन्स्टन आणि हेन्री या रसायनशास्त्रज्ञांनी १९०२ मध्येच वेगळा करून दाखविला होता. फुलोऱ्यापूर्वी वैरण कापू नये हा गुराख्याचा दंडक त्यामुळे शास्त्राच्याही पुस्तकात शिरला.

मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, शहरांत भाकरीची आवड पुन्हा वाढते आहे आणि दाण्याला भावही बरा मिळतो. आता पेचप्रसंग काढणीचा आहे. रब्बी ज्वारी मुळासकट उपटून काढावयाची, तिची कणसे खुडावयाची आणि पेंढ्या बांधावयाच्या, हे उन्हाचे आणि कंबर मोडणारे काम करावयाला मजूर मिळत नाहीत, आणि मिळाले तर त्यांची मजुरी पिकाच्या किमतीचा मोठा घास घेते. गव्हासाठी घडविलेले कापणीयंत्र या रानात घातले तर ते कणीस घेते आणि उंच ताट चिरडून, तुकडे करून, मातीत टाकते, ज्याची पेंढीही बांधता येत नाही आणि गंजही रचता येत नाही. म्हणून बुटक्या, यंत्राला सोयीच्या वाणांची मागणी पुन्हा होऊ लागली आहे, तशीच ताट अखंड ठेवून कापणाऱ्या व पेंढी बांधणाऱ्या यंत्राचीही. आणि यांतल्या कोणत्या मागणीला संशोधन केंद्रे आधी हात घालतात यावर येत्या काही वर्षांत भीमाकाठच्या गोठ्यांत काय टाकले जाईल ते अवलंबून आहे.